गोल नको, सर

शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानटाउनमध्ये, भर थिएटरात, एका दाढीवाल्या पोराने माझ्या हातातली दिव्याची काठी काढून घेतली. माझी काठी. ३० डॉलर मोजून घेतलेली. आज मंगळवार आहे आणि मी अजून त्यावरच आहे.

हात्सुने मिकूच्या मैफलीचं रेकॉर्डिंग मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. लेकीला जायचं होतं आणि गाडी चालवायला बाप लागतो. खरं तर मलाही जायचं होतं. मिकूची चारपाच गाणी मी ऑफिसात हेडफोन लावून ऐकतो. हे घरी माहीत नाही. मिकू म्हणजे कोणी बाई नव्हे. २००७ साली सापोरोच्या एका कंपनीने बाजारात आणलेलं गाण्याचं सॉफ्टवेअर. फुजिता साकी नावाच्या अभिनेत्रीचा आवाज तुकड्यातुकड्यांनी साठवलेला. शब्द आणि चाल आपण भरायची, ती गाणार. अधिकृत माहितीत वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. आमच्याकडे स्थळाच्या माहितीपत्रकातही वजन इतकं स्पष्ट लिहीत नाहीत. वय तेव्हाही सोळा, आजही सोळा. हिरवट निळे केस पार पोटऱ्यांपर्यंत, आणि हातात पातीचा कांदा. सुरुवातीच्या एका गमतीच्या व्हिडिओत तो हातात आला, तो आजतागायत सुटलेला नाही.

तसाच एक कापडी कांदा शेजारच्या पोराच्या कमरेला लटकत होता. डोक्यावर मिकूचा विग, विगखालून तांबूस दाढी. मी बसताना त्याने पाय आवरले आणि मान झुकवली. मला वाटलं, चांगल्या घरचा दिसतो.

पहिलं गाणं सुरळीत गेलं. दुसऱ्याला घात झाला. हातात उजेड, समोर झगमगती मूर्ती, चहूकडे टाळ्या. चाळीसेक वर्षांची सवय असलेल्या मनगटाने दुसरं काय करावं? काठी गोल फिरायला लागली. सावकाश, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. डावा हात आपसूक उजव्या कोपराखाली गेला.

"सुमिमासेन," कानाशी आवाज आला. जपानीत 'माफ करा'. "गोल नको, सर."

"का?"

"वर-खाली. तालावर. आणि खांद्याच्या वर न्यायची नाही."

"मागे कोणी नाहीये." आम्ही शेवटच्या रांगेत होतो.

"प्रश्न मागच्यांचा नाही, सर. आदराचा आहे."

"कोणाच्या?"

त्याने दोन्ही तळवे जोडून पडद्याकडे दाखवलं.

आता बघा. गाणारी मुळात नाहीच. जी नाही, तीसुद्धा त्या दिवशी आलेली नव्हती. कधीकाळचं रेकॉर्डिंग चाललं होतं. अशा दुहेरी गैरहजर बाईचा मी अपमान केला होता.

"जपानला जाऊन आलायस का?" मी विचारलं.

"अजून नाही. मी मोडेस्टोचा." म्हणजे इथलाच, कॅलिफोर्नियातला.

मी कामानिमित्त दोनदा ओसाकाला जाऊन आलोय, हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाणं बदललं आणि तो किंचाळला, "लेन! पिवळा!" दोन सेकंदांत अख्खं थिएटर पिवळं. मिकूच्या गोतावळ्यातला एक पोरगा अवतरला होता आणि त्याचा रंग वेगळा. मी बटण दाबलं. गुलाबी. दाबलं. लाल. पांढरा. जांभळा. घाईत दोनदा दाबलं गेलं आणि पिवळा मागे पडला. बटण एकच, उलटं फिरत नाही. चुकलं की पुन्हा सगळी प्रदक्षिणा. हळदीत अबीर सांडावा तसा मी एकटा.

तेव्हा त्याने काठी घेतली. टक, टक, पिवळी केली आणि दोन्ही हातांनी, मान झुकवून, प्रसादासारखी परत दिली. लेक वाकून त्याला "थँक यू सो मच" म्हणाली. त्याला! मला म्हणाली, "बाबा, प्लीज."

दोन रांगा पुढे नातवाबरोबर आलेल्या एक आजी होत्या. नातू 'ओबाआचान' म्हणून हाका मारत होता आणि त्या गाढ झोपल्या होत्या, बंद काठी मांडीवर. त्यांना आदराचं कोणी काही विचारलं नाही.

आणि आदराचं मला सांगताय? १९६३ साली क्यू साकामोतोचं एक जपानी गाणं इथे बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं, तीन आठवडे राहिलं. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं गाणं. इथे ते 'सुकियाकी' नावाने विकलं. सुकियाकी म्हणजे गोमांसाचा रस्सेदार पदार्थ. गाण्यात त्याचा तुकडा नाही की थेंब नाही. आपलं एखादं विरहगीत परदेशात 'तांबडा रस्सा' म्हणून खपवावं, तसं.

एकोणीस वर्षं झाली या देशात. मान कशी हलवू नये, हे मॅनेजरने सांगितलं. डब्यात काय गरम करू नये, हे मायक्रोवेव्हवरच्या चिठ्ठीने. ठीक आहे, घर त्यांचं. पण मिकूच्या दारात तो आणि मी, दोघेही पाहुणेच ना? तिथेही एक जण यजमान झाला, आणि तो मी नव्हतो.

घरी येऊन हे सगळं बायकोला साग्रसंगीत सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "आणि मंडळाच्या गणपतीत कोणी आरतीत 'संकष्टी' म्हटलं की भर आरतीत कानाशी लागून 'संकटी, संकटी' कोण करतं?"

तो विषय वेगळा आहे. 'संकष्टी' चूकच आहे.

काठी सध्या गाडीच्या डिकीत पडली आहे. बटण अडकलंय, कितीही दाबा, पिवळीच राहते. पिवळी मी केली नव्हती.