युद्धानंतरची घरं: ‘माती नको, ढिगारा फेका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

युद्धात जमीनदोस्त झालेल्या शहरांबद्दल एक संदेश फिरतो आहे: ‘मातीचं घर म्हणजे मागासपणा, माती पावसात विरघळते, भूकंपात कोसळते, राडारोडा विषारी असतो, तो लांब नेऊन टाका आणि सिमेंटची घरं बांधा.’ उघड्यावर बसलेल्या कुटुंबांचा प्रश्न आहे, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

पाऊस. उघडी भिंत झिजते, खरंच. म्हणूनच जोतं दगडाचं घेतात, वळचण पुढे काढतात, काही वर्षांनी पुन्हा गिलावा करतात. येमेनमधल्या शिबामला कच्च्या विटांची सात मजल्यांपर्यंतची घरं आहेत, त्यांतली बरीच जुनी. तो कोरडा प्रदेश म्हणाल, तर जर्मनीत वाइलबुर्गला ठोकून घट्ट केलेल्या मातीचं बहुमजली घर एकोणिसाव्या शतकापासून पावसाबर्फात उभं आहे.

भूकंपाचा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. २००३ मध्ये इराणमधल्या बामला कच्च्या विटांची घरं कोसळून हजारो माणसं गेली. जड छप्पर आणि एकमेकींना न बांधलेल्या भिंती जीव घेतात. पेरूमधल्या अभियंत्यांनी भिंतीच्या दोन्ही अंगांना जाळी बसवून वर गिलावा केला आणि चाचण्या घेतल्या. अशा भिंतीला तडे जातात, पण ती लगेच ढासळत नाही. माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. शिवाय २०२३ मध्ये तुर्कस्तानात ज्या इमारतींखाली माणसं चिरडली, त्या बहुतेक काँक्रीटच्या होत्या. वाईट बांधकाम कुठल्याही साहित्यात जीवघेणंच.

राडारोड्यात न फुटलेले बॉम्ब असतात, अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक तंतूंचं खनिज) असतो, कित्येकदा माणसांचे अवशेषही. पण न निवडता खड्ड्यात ढकलल्याने यातलं काहीच नाहीसं होत नाही. आधी बॉम्ब निकामी करणारं पथक, मग अवशेषांची सन्मानाने सोय, मग अ‍ॅस्बेस्टॉस ओला करून वेगळा काढणं. लाकूड आणि जिप्समही बाजूला. जिप्सममधलं सल्फेट सिमेंटला फोडतं. उरलेलं काँक्रीट भरडलं की भरावाला आणि ठोकळ्यांना खडी मिळते. पोलंडमधल्या वॉर्सातला मुरानुव भाग दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त घेट्टोच्या (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीच्या) जागी, ढिगाऱ्यावरच आणि ढिगाऱ्याच्याच ठोकळ्यांनी उभा राहिला. लोक आजही तिथे राहतात.

‘मागासपणा’ या शब्दाला उत्तर द्यावंसं वाटत नाही.

सिमेंटबद्दल बोलायलाच हवं. त्याची भट्टी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि जगातल्या मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के या उद्योगातून येतो. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे: सिमेंट सीमेवर अडवता येतं. गाझात नाकेबंदीने ते अडलं, तेव्हा लोकांनी मोडलेलं काँक्रीट भरडून ठोकळे पाडले, वाकलेल्या सळ्या ठोकून सरळ केल्या. पायाखालची माती कुणालाही अडवता येत नाही.

उंच इमारतींना आणि रुग्णालयांना काँक्रीट लागेल. एक-दोन मजली घराला हाताने चालणाऱ्या दाबयंत्रातल्या मातीच्या विटा पुरतात. त्या वाळेपर्यंत जोत्याचा भराव ढिगाऱ्यातल्या खडीने करता येतो.