आठशे रुपये, चार मिनिटं, चार गोळ्या

डॉक्टरची फी आठशे रुपये. आत चार मिनिटं, बाहेर पावणेदोन तास. समोर टीव्हीवर आवाज बंद करून लावलेली सिरियल आणि काउंटरवरच्या पोरीचा आवाज मात्र फुल्ल. "तक्रार काय आहे, लिहिलं नाहीत तुम्ही." म्हटलं, आत सांगतो. "नाही, इथं लिहावंच लागतं." मग मी लिहिलं, अशक्तपणा. शेहेचाळीस वर्षांचा, चौऱ्याऐंशी किलोचा, रोज डोंबिवलीहून लोकलमध्ये स्वतःला कोंबून घेणारा अशक्त माणूस. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं, वर "अशक्तपणा म्हणजे कसला?" असंही विचारलं. बाकावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांना कसला ते आधीच कळलंय.

हे डॉक्टरला सांगायचं ठरवायला मला आठ महिने लागले होते. वाक्य पाठ केलं होतं. ठाण्याला गर्दीत चेंगरताना मनातल्या मनात म्हणून बघायचो. "डॉक्टर, बायको आवडते, भांडण नाही, पण दीड-दोन वर्षं झाली, इच्छाच होत नाही." साधं सरळ मराठी वाक्य. पाचवीतल्या पोराला कळेल. (कळू नये, पण कळेल.)

डॉक्टरसाहेबांनी मान वर न करता विचारलं, "इरेक्शन होतं का?"

"होतं ना. सकाळी वगैरे होतं. पण..."

"मग प्रॉब्लेम काय?"

"इच्छा होत नाही."

"हां, म्हणजे जमत नाही."

"जमत नाही असं नाही हो. नकोच वाटतं."

"टेन्शन नाही घ्यायचं. ही एक तासभर आधी घ्या, बघा फरक."

संपलं! नको वाटतं आणि जमत नाही यात फरक आहे की नाही? पोट भरलेल्या माणसाला तुम्ही कवळी बसवून देता? ती गोळी म्हणजे सिल्डेनाफिल, व्हायग्रातलं औषध. १९९८ साली अमेरिकेत मंजूर होऊन बाजारात आली, तेव्हापासून सगळं जग जाणतं की ती रक्तप्रवाहाचं काम करते. नळाला पाणी आणते. तहान नाही आणत. मन आधी तयार असेल तरच तिचा उपयोग. हे मला, बीकॉम झालेल्या माणसाला, माहीत आहे. बरं, आधीपासून कुठली औषधं चालू आहेत हे तरी विचारावं? छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी जर मी घेत असतो आणि त्यावर ही घेतली असती, तर बीपी धाडकन खाली जाऊन मी खरोखरच अशक्त झालो असतो. कायमचा.

आणि औषध चालू आहेच. २०२१ पासून. लॉकडाऊनमध्ये पगार अर्धा झाला, रात्री तीन वाजता छाती धडधडायची, तेव्हा सुरू झालेली एस्सिटालोप्राम, चिंतेवरची गोळी. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, तिने मला माणसात आणलं. पण या जातीच्या गोळ्यांनी इच्छा मंदावू शकते, अनेकांची मंदावते, ही काही गुप्त वार्ता नाही. चार वर्षांत मला ते कोणी सांगितलं? कोणी नाही. तोंड कोरडं पडेल, झोप येईल, सुरुवातीला मळमळेल, सगळं सांगितलं. ही एक गोष्ट सांगताना म्हणे पेशंटला अवघडल्यासारखं होतं. अहो, मला आता जे होतंय त्याला काय म्हणायचं मग?

डॉक्टरांनी जाता जाता टेस्टोस्टेरॉनची तपासणीही लिहून दिली, तेवढं एक बरं केलं. पण लॅबवाल्याने संध्याकाळी साडेसहाला रक्त काढलं! हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं, म्हणून सकाळी आठ-दहाच्या सुमाराला तपासायचं असतं. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "काका, फास्टिंगची टेस्ट नाहीये ही." काका! दंडाला पट्टा बांधून आवळत असताना काका!

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरा उच्छाद पुढेच आहे.

मेडिकलचं दुकान. आमच्या गल्लीच्या तोंडावरचं. लांबच्या दुकानात जायला हवं होतं, कळतं मला, पण पाऊस होता आणि छत्री ऑफिसात राहिली होती. मी चिठ्ठी घडी करून पुढे सरकवली. गल्ल्यावरच्या माणसाने ती उघडली, उजेडात धरली आणि आत पोटमाळ्यावर असलेल्या पोराला उद्देशून आरोळी ठोकली, "ती पन्नासची काढ रे! चारवाली! साहेबांना पाहिजे!"

साहेबांना.

पोराने वरून ओरडून विचारलं, "पन्नास का शंभर?"

"पन्नास! पहिल्यांदाच आहे."

पहिल्यांदाच आहे हे त्याला कोणी सांगितलं? चिठ्ठीवर लिहिलं होतं? माझ्या तोंडावर? शेजारी एक बाई सर्दीचं औषध घेत होती, ती अर्धं पाऊल बाजूला सरकली, जणू हे सर्दीसारखं लागतं. आणि मग तो माणूस माझ्याकडे झुकला, आवाज खाली आणला (आता! आत्ता आणला खाली!) आणि म्हणाला, "याच्याबरोबर तेल घेऊन जा. मालिश करा. टायमिंगपण वाढतं. माझ्याकडे सगळे घेतात." काउंटरवर बाटल्यांची रांगच होती. घोडा, सिंह, उगवता सूर्य. एकावर तर ज्वालामुखी.

त्या ज्वालामुखीने माझं डोकं फिरलं. वीस वर्षांचा साठलेला संताप बाहेर आला. लोकलच्या डब्यात डोक्यावर चिकटवलेले ते स्टिकर, 'शक्ती, जोश, एकदा भेटा'. मेव्हण्याचे व्हॉट्सॲपवरचे विनोद, ज्यात नवरा नेहमी टपलेला आणि बायकोचं नेहमी डोकं दुखत असलेलं. आमच्याकडे उलटं आहे, त्यावर एक विनोद टाक ना रे. ऑफिसातला तो, जो दर सोमवारी डोळा मारून विचारतो, "काय, वीकेंड कसा गेला?" किराणा भरला, गिझर दुरुस्त केला, पोराला क्लासला सोडलं, असा गेला. आणि रविवारच्या पुरवण्यांमधले ते सल्ले! एकमेकांना वेळ द्या. मेणबत्त्या लावा. वन बीएचकेत हॉलमध्ये आई झोपते, पहाटे पाचला तिची स्तोत्रं सुरू होतात, आतल्या खोलीत दहावीतला मुलगा रात्री एकपर्यंत दिवा लावून भूमिती करतो. मेणबत्ती लावली तर आई विचारेल, लाइट गेली का रे.

गेलोही होतो आम्ही, सल्ला मानून. लग्नाच्या वाढदिवसाला माथेरान. दोन रात्री. बायकोने नवीन गाऊन घेतला होता. पहिल्या रात्री मी चालून दमलो होतो. दुसऱ्या रात्री दमलो नव्हतो, तेच वाईट झालं. सबब उरली नाही. दोघं पलंगावर सरळ झोपून छताकडे बघत होतो, पत्र्यावर माकडं नाचत होती. तिने अंधारात विचारलं, "माझं वजन वाढलंय म्हणून का?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं. तिला ते खोटं वाटलं. महिन्याभराने तिने विचारलं, "दुसरी कोणी आहे का?" मला हसू आलं, कारण जी आवडते तिच्यासाठीच इच्छा होत नाही, दुसरीसाठी कुठून आणू? पण हसायला नको होतं. चार दिवस डब्यात नुसती पोळी-बटाटा आला.

तर हे सगळं त्या एका क्षणी डोक्यात. आणि मी, काउंटरवर मूठ आपटून, भर गल्लीच्या तोंडाशी, पावसामुळे आडोशाला उभ्या असलेल्या पाच-सात माणसांसमोर ओरडलो,

"जमतं हो मला! इच्छा होत नाही! जमतं!"

शांतता. पोटमाळ्यावरचा पोरगा खाली वाकून बघायला लागला. आणि माझ्या मागून ओळखीचा आवाज आला, "काय रे, बरं वाटत नाहीये का?"

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. हातात दुधाची पिशवी.

इथे माझ्या रागाचं जे काही झालं ते सांगायला मला उपमा सापडत नाही. आत्तापर्यंत जगात दोन माणसांना ठाऊक होतं, बायको आणि मी. डॉक्टरला सांगूनही त्याला कळलं नव्हतं, म्हणजे तो धरायचा नाही. दुकानदाराने फार तर 'साहेबांना गोळी पाहिजे' एवढंच जाहीर केलं होतं. बाकीचा सविस्तर खुलासा मी स्वतः केला. मुद्देसूद. आठ महिने पाठ केलेलं वाक्य शेवटी खणखणीत, स्पष्ट उच्चारात बाहेर पडलं, तर ते औषधाच्या दुकानात. आणि गंमत म्हणजे तिथे ते सगळ्यांना पहिल्या फटक्यात समजलं. सर्दीवाली बाई तर चक्क मान हलवत होती. डॉक्टरांनी तिला असिस्टंट ठेवावं.

दुकानदाराने काही न बोलता पट्टी कागदात गुंडाळली, मग काळ्या पिशवीत घातली. कागद आणि काळी पिशवी. बायकांना सॅनिटरी पॅड देतात तशी. गल्लीभर दवंडी पिटायची आणि मग काळ्या पिशवीत घालायचं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढलं, १९५३ मध्ये जाईपर्यंत एकहाती चालवलं. लोक पत्रं लिहून असलेच प्रश्न विचारायचे आणि ते छापून सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून खटला झाला, १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड झालाच. इतकं सगळं मराठीत होऊन गेलंय हो. आणि आम्ही अजून फॉर्मवर अशक्तपणा लिहितोय.

मी लिहिलं, हो. मला माहितीये. डॉक्टरला शिव्या घालतोय, पण तीन वेळा 'इच्छा' म्हटल्यावर चौथ्यांदा म्हणायला माझी जीभ उचलली नाही. चिठ्ठी घेतली, थँक यू म्हटलं, वर "बरं वाटलं" असंही म्हटलं. एस्सिटालोप्रामबद्दल मी तरी कुठे सांगितलं? त्यांनी विचारलं नाही आणि मी 'त्यात काय सांगायचं' म्हणून गप्प बसलो, कारण वेटिंगमधल्या लोकांना मी डोक्याच्या गोळ्या घेतो हे कळू नये. अशक्त चालेल, वेडा नको. शहाणा मी!

घरी आलो. बायको भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं, ज्वालामुखीसकट. वाटलं, चिडेल. ती गवारीची शेंग हातात तशीच धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी. "काकूंसमोर? काकूंसमोर ओरडलास?" आई हॉलमधून विचारतेय, काय झालं, काय झालं, आणि आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. दार लावून घेणं हेच किती दिवसांनी झालं होतं. नाही, पुढे काही नाही, गवार चिरली फक्त. पण तिने विचारलं, "म्हणजे ती रात्रीची गोळी आहे याच्यामागे?" म्हटलं, असू शकेल, सगळं तिच्यावर ढकलत नाही मी, वय आहे, थकवा आहे, पण असू शकेल. ती म्हणाली, "मग मला माथेरानला का नाही सांगितलंस? मी दोन वर्षं भात सोडला." भात! कोकणातली बाई, दोन वर्षं भाताशिवाय, आणि मला वाटलं तिला नाचणीची भाकरी आवडायला लागलीये.

मग तिने स्वतःचं सांगितलं. तिचीही पाळी वर्षभर मागे-पुढे होतेय, रात्री घाम फुटतो, आणि कित्येकदा मी जवळ आलो नाही म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून वाईट वाटलं होतं. हे ऐकून मला राग यावा की बरं वाटावं ते ठरेना. दोन्ही झालं.

आता ठरलंय असं. एस्सिटालोप्राम परस्पर बंद करायची नाही, त्याने पुन्हा रात्री तीनची धडधड सुरू व्हायची. ज्यांनी दिली त्यांच्याकडेच जायचं आणि डोस कमी होतो का, दुसरी मिळते का, ते विचारायचं. या वेळी बायको सोबत येणार आहे, मी अशक्तपणा लिहू नये म्हणून. रक्त परत द्यायचंय, सकाळी साडेआठला. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनची तपासणीही करून घेणार, एकदाच टोचून घेतलेलं बरं. त्या लॅबमध्ये नाही. जो मला काका म्हणाला त्याला मी आयुष्यात पुन्हा दंड देणार नाही.

हे लिहीत असताना मघाशी बेल वाजली. काकूंचा नातू. हातात स्टीलचा डबा. "आजीने दिलाय. काकाला द्यायला सांगितलंय." डिंकाचे लाडू. जुलै महिन्यात! बाहेर धो धो पाऊस, भिंतींना ओल, आणि डिंकाचे लाडू, वर भरपूर खारीक. बारा. मोजून. बाळंतिणीलासुद्धा इतके कोणी एकदम देत नाही.

चांगले झालेत, नाव कशाला ठेवू. मी दोन खाल्ले. बायको विचारतेय, डबा रिकामा कसा परत पाठवायचा, काय घालू त्यात? म्हटलं, त्या चार गोळ्या घाल. काकूंच्या घरचे काका अजून सत्तरीचेच आहेत.

तिने माझ्या पाठीत लाटणं घातलं.