हॅन्सी क्रोनिएचा मृत्यू: ‘न्यायालयाने घातपात मानला’ हे खोटे

फोंडा-डिचोलीकडच्या क्रिकेटप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक संदेश फिरतोय: दक्षिण आफ्रिकेचा माजी क्रिकेट कर्णधार क्रोनिए स्वतः विमान चालवत होता, सट्टेबाजांनी ते पाडले आणि न्यायालयाने तसे मान्यही केले. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

१ जून २००२ रोजी जोहान्सबर्गहून दक्षिण आफ्रिकेतल्याच जॉर्ज शहराला जाणारे त्याचे नेहमीचे विमान गारपिटीमुळे उडाले नाही. घरी पोचायला तो एका छोट्या मालवाहू विमानात बसला. दोन वैमानिक आणि तो एकटाच प्रवासी. जॉर्जच्या विमानतळाजवळ ढग दाटले होते, पावसाळ्यात चोर्ला घाटात उतरतात तसे. दिशादर्शक उपकरणेही नीट उपयोगी पडली नाहीत. घिरट्या घालताना विमान औटेनिक्वा डोंगरावर आदळले. तिघेही गेले. क्रोनिए ३२ वर्षांचा होता.

२००६ मधल्या न्यायालयीन चौकशीने प्रथमदर्शनी ठपका ठेवला तो वैमानिकांच्या चुकीवर.

२००० साली दिल्ली पोलिसांनी उघड केलेले क्रोनिएचे सामना-निश्चितीचे (मॅच-फिक्सिंगचे) प्रकरण खरे, त्याच्यावरची आजन्म बंदीही खरी. म्हणूनच संशय लोकांना चटकन पटतो. पण त्या डोंगरावर दोन वैमानिकही मेले, त्यांचा या संदेशात उल्लेखसुद्धा नाही, याचे फार वाईट वाटते. कृपया तो पुढे पाठवू नका.