व्हिटॅमिन सी: फळातलं आणि कारखान्यातलं

'कारखान्यात बनवलेलं व्हिटॅमिन सी खरं नसतंच' असा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. त्यातले तीनही दावे चुकीचे आहेत.

'खर्च वाचवायला कंपन्या रेणूतलं घटकांचं प्रमाण बदलतात.' बदलणार कसं? या रेणूत कार्बनचे 6, हायड्रोजनचे 8 आणि ऑक्सिजनचे 6 अणू असतात. वस्तुमानात मोजलं तर साधारण 9:1:12. एखादा अणू काढला तर हलक्या प्रतीचं व्हिटॅमिन सी हाती येत नाही, दुसराच पदार्थ येतो. पाण्याचंही तसंच. 8 ग्रॅम ऑक्सिजनला 1 ग्रॅम हायड्रोजन पुरतो; 2 ग्रॅम दिला तर एक ग्रॅम तसाच उरतो. (लोखंडाच्या एका ऑक्साइडमध्ये प्रमाण किंचित सरकतं, पण ते स्फटिकात काही जागा रिकाम्या राहिल्यामुळे. सुट्या रेणूंना ते लागू नाही.)

'निसर्गातला आणि माणसाने बनवलेला पदार्थ एक असूच शकत नाही.' नेमकं हेच फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी 1799 मध्ये तपासलं होतं. 100 भाग तांबं आम्लात विरघळवायचं, त्यात सोड्याचं कार्बोनेट घालायचं आणि तळाशी बसलेला हिरवा साका वाळवून तोलायचा. दर वेळी 180 भागच भरले. खाणीतल्या हिरव्या खनिजातही त्यांना तेच प्रमाण सापडलं. संयुगातलं प्रमाण बदलू शकतं, असं म्हणत दुसरे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यांनी काही वर्षं नेटाने विरोध केला, पण त्यांच्या उदाहरणांपैकी बरीचशी संयुगं नव्हे तर मिश्रणं निघाली.

'डब्यावरच 99 टक्के शुद्ध लिहितात, म्हणजे रेणूत खोट आहे.' हा तर शब्दांचा घोळ. 100 ग्रॅममध्ये 1 ग्रॅम दुसरं काहीतरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. उरलेल्या 99 ग्रॅममधला प्रत्येक रेणू पूर्ण असतो.

फळात व्हिटॅमिनसोबत तंतू, साखर आणि इतर बरंच काही असतं, म्हणून फळ खाणं आणि गोळी घेणं एकच, असं मी म्हणणार नाही. शिवाय प्रमाण जुळलं म्हणजे पदार्थ तोच, असंही नाही: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरांमध्ये प्रमाण एकच, अणूंची मांडणी वेगळी. व्हिटॅमिन ईबाबत शंका घेतली तर तिला आधार आहे, कारण कृत्रिम व्हिटॅमिन ई हे सहसा आठ वेगवेगळ्या मांडण्यांच्या रेणूंचं मिश्रण असतं. व्हिटॅमिन सी मात्र ग्लुकोजपासून बनवतात, आणि त्यात प्रमाणही फळातलंच मिळतं, मांडणीही.