मेलेली माशी दिसत नाही, म्हणून?

काजूचा मोहर सुरू झाला की गोव्यातल्या सत्तरीहून दादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, फोन येतो. मोहर करपवणारा ढेकण्या कीडा किती पडलाय, काजूची दारू हुर्राक कधी निघेल, सगळं कळतं. यंदा मात्र तो चिडलेला होता. गावात कुणीतरी म्हणालं होतं की फवारणीमुळे मधमाश्या कमी झाल्या, म्हणून काजू धरत नाही. दादाचं म्हणणं, "बागेत एक तरी मेलेली माशी दाखवा. हवामान बिघडलंय. आणि तू तिकडे बसून काय सांगणार?"

मी राहते तो जर्मनीतला ऱ्हाइन नदीकाठचा भाग. २००८ च्या वसंतात इथे मेलेल्या माश्यांचा खच पडला होता. मक्याच्या बियाण्यावर क्लोथियानिडिन हे कीटकनाशक नीट चिकटलं नव्हतं, पेरणीयंत्रातून त्याची धूळ उडाली आणि शेजारच्या फुलांवर बसली. मधमाश्यांच्या ११ हजारांहून जास्त वसाहतींना फटका बसला. पुढे २०१८ मध्ये युरोपीय संघाने क्लोथियानिडिन, इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

पण विषाचा पुरावा म्हणजे असा खचच, हे मला पटत नाही. राणीमाशी तरुणपणी मोजक्याच वेळा मीलनासाठी उडते. हवेतच दहा-वीस नरांशी मीलन होतं आणि त्यांचे शुक्रजंतू ती पोटातल्या एका इवल्या पिशवीत साठवते. पुढचं सगळं आयुष्य त्या पुंजीवर. फलित अंड्यातून कामकरी माशी होते, अफलित अंड्यातून नर. पुंजी आटली की राणी जिवंत असते, अंडीही घालते, पण नरच निपजतात, आणि नर मकरंद आणत नाहीत. पोळं महिनोन्‌महिने खंगत जातं. अंगणात एकही मेलेली माशी पडत नाही.

२०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी नरांवर प्रयोग केला. परागातून थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिनचा अब्जांशात मोजावा इतका अंश मिळालेल्या वसाहतींमधल्या नरांत जिवंत शुक्रजंतू ३९ टक्क्यांनी कमी भरले. नर उडत होते, वरून धडधाकट दिसत होते. ते प्रयोग मेलिफेरा या युरोपीय मधमाशीवर झाले, आपली देशी सातेरी मधमाशी वेगळी जात. तरी राणीची पिशवी आणि नरांवरचं अवलंबून असणं दोघींचं सारखंच आहे. जिचं नाव आपल्या ग्रामदेवतेसारखंच आहे, त्या माशीकडे इतकं कमी लक्ष?

आमच्या जुन्या घराच्या चिऱ्यांच्या भिंतीत आजीच्या काळापासून सातेरीचं पोळं होतं. दादाला विचारलं. "ते कधीच गेलं," तो म्हणाला. सातेरी मनात आलं की घर सोडते, त्यामुळे दोष फवारणीलाच आहे असं मी म्हणणार नाही. पण ते जाताना कुणी बघितलंसुद्धा नाही, हे मला फार लागलं.

युरोपाचे गोडवे मी गाणार नाही. इथल्या शेतात बंद केलेली औषधं इथूनच परदेशी विकली जातात, याची मला इथे राहून शरम वाटते. दिल्लीत २०२० साली २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात थायामेथोक्झाम आणि इमिडाक्लोप्रिड नव्हतीच. आपल्याकडे आंब्याच्या तुडतुड्यांवर आजही तीच मारतात.

दादाने फवारणी सोडावी, असं मी कशी म्हणू? ढेकण्याने मोहर करपला की वर्ष गेलं. पण जर्मनीतला एक नियम मला घरी न्यावासा वाटतो. माश्यांना घातक ठरवलेलं औषध फुललेल्या झाडावर मारता येत नाही. काही औषधं चालतात, पण दिवसभराची उड्डाणं संपल्यावर, रात्री ११ पर्यंतच. काजूला हे जमेल का, हा खरा वाद गावात व्हायला हवा. फवारणीचा भर पालवीवर ठेवता येईल का? मोहरात मारावंच लागलं, तर आधी ढेकण्या खरंच आहे का ते बघून, संध्याकाळी मारता येईल का? काजूचा पराग चिकट असतो. तो वाऱ्यावर फारसा जात नाही, माशीच लागते.

डिसेंबरात मी गावी येतेय. सातेरीची एक पेटी बागेच्या कडेला ठेवायला दादा तयार झालाय. मोहर संपला की ती उघडून कामकऱ्यांची पिल्लावळ किती आणि नरांची किती, हे आम्ही दोघं मिळून बघणार आहोत.