यात मध घातलाय का?

मधमाश्या पाळणाऱ्याने लिप बाम विकायला ठेवला की कोल्हापुरात पहिला प्रश्न भावाचा येत नाही. भाव दुसरा. आधी झाकण उघडून आत नाक खुपसलं जातं आणि विचारलं जातं, “ह्यात मध घातलाय न्हवं?” नाही, मेण आहे, असं सांगितलं की, “मेण व्हय? मेणबत्तीचं?”

मध तेलात मिसळत नाही, याला आम्ही काय करणार? मध म्हणजे साखर आणि थोडं पाणी. बाममध्ये पाण्याचा थेंब नसतो. वितळलेल्या मिश्रणात मध ओतून हात दुखेपर्यंत घोटा. हात थांबला की मध तळाला आणि तेल तांबड्या रश्श्यावरच्या तवंगासारखं वर. मध पाण्याच्या १.४ पट जड आणि तेल पाण्याहून हलकं, मग दुसरं होणार काय? बाजारात मधाचा नुसता वास घातलेले बाम मिळतात. त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण डबीवर पोळ्याचं चित्र असतं.

खरं तर मानायला हवं मेणाला. एक किलो मेण करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असं मानतात. म्हणजे ज्या मधाची एवढी चौकशी चालते, तो माश्यांनी आधीच रिचवून दिलेला असतो. मध काढताना पोळ्यावरची जी झाकणं सुरीने कापतो, त्यांचं मेण सगळ्यात उजळ. अंडी-पिल्लांच्या काळ्या पोळ्यातून मेण कमी आणि कोशांचा गाळच जास्त. पावसाळ्यात रिकामी पोळी उघडी ठेवली तर मेणकिडा त्यांची चाळण करतो, म्हणून ती लवकर वितळवायची: सुती फडक्यात बांधून, पाण्यात, मंद आचेवर. पाणी पावसाचं असेल तर उत्तम. बोअरच्या जड पाण्यात मेणाचा काही भाग साबणासारखा फसफशीत होतो. पातेलं गोणपाटात गुंडाळून सावकाश निवू दिलं की सकाळी वर पिवळी चकती मिळते. तिच्या बुडाचा करडा थर खरवडून काढायचा. हे सगळं स्वयंपाकघरात करायला घेतलं तर पुढचे आठ दिवस चहावरही मेणाची साय येते. आणि मेणाचं भांडं मोरीत धुवायचं नाही. गरम असतानाच रद्दी कागदाने पुसायचं, नाहीतर प्लंबरची ओळख वाढते.

आता माप. शंभर ग्रॅम बामला मेण २५, कोकमतेल २०, खोबरेल २५, तिळाचं किंवा बदामाचं तेल ३०. हे झालं एप्रिलचं. खोबरेल २४ अंशांना पाणी होतं, कोकमतेल चाळिशीच्या आसपास हात टेकतं. मेण तेवढं ६२ ते ६४ पर्यंत दम धरतं. कोल्हापूरच्या उन्हात, त्यातही गाडीच्या डिकीत, त्याच्याच जिवावर सगळं उभं असतं. डिसेंबरात हेच माप ठेवलं तर बाम दगड होतो आणि ओठांना पॉलिश पेपर लावल्यासारखा वाटतो. तेव्हा मेण १८ वर आणून उरलेले सात ग्रॅम तिळाच्या तेलात वाढवायचे. गिऱ्हाइकाला ऋतू सांगून उपयोग नाही. डिसेंबरची डबी मे महिन्यापर्यंत पर्समध्ये फिरते आणि मग “तुमचं पातळ झालं” म्हणून परत येते.

मेण थेट आचेवर ठेवायचं नाही. पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवायचं. ओतण्याआधी आतल्या पातेल्याचं बूड पुसायला विसरू नये. बुडाचा थेंब डबीत पडला की महिन्याभरात तिथे बुरशी. डब्या भरल्यावर पंखा लावायचा नाही, कारण वरचा थर आधी आवळतो आणि मधोमध खळगा पडतो. घरात मात्र कुणाला तरी नेमकं तेव्हाच उकडतं.

मधाचा हट्ट सोडतच नाहीत त्यांच्यासाठी साबण करतो. एक किलो खोबरेलाला पूर्ण हिशेबाने १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा बसतो, पण तो साबण कातडी ओढतो. म्हणून वीस टक्के कमी, म्हणजे १४६ ग्रॅमच घ्यायचा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. मध किलोला दहा-पंधरा ग्रॅम पुरे, तोही पाण्यात विरघळवून. जास्त झाला तर साखर तापून साचा ज्वालामुखी होतो. साबण तपकिरी पडतो, मग महिनाभर हवेशीर फळीवर. एवढं करून मधाचा वास सोड्यात गेलेलाच. “वास येईना की!” हे ऐकायचंच.

परवाने दोन. मध खायचा म्हणून अन्नाचा एक, बाम-साबण अंगाला लागतात म्हणून सौंदर्यप्रसाधनांचा दुसरा. खोली वेगळी, वही वेगळी, माश्या त्याच.

बिनतक्रार गिऱ्हाईक येतं दिवाळीत. “किलोत देता काय?” एवढं ओठांना? “छ्या! म्हशीच्या शिंगांस्नी. पाडव्याला मिरवायची हाय.” कोल्हापुरात पाडव्याला म्हशी नटून निघतात, त्यामुळे हा हिशेब रास्तच. शिंगांचं माप वेगळं: मेण एक भाग, जवसाचं तेल चार भाग, कोकमाची चैन नाही. फडक्याने पातळ चोळायचं, तासाभराने सुक्या फडक्याने घासायचं. थर जाड दिला तर धूळ बसते. यात मध घालू का, असं आम्ही आपणहून विचारलं, तर तो गडी म्हणाला, “नगो. मुंग्या लागत्यात.”