दुसऱ्या चित्रपटाचा निर्माता

मंगळवारी संध्याकाळी कोल्हापूरहून मामेभावाचा फोन आला. “ताई, उतरवला गं.” तो ज्याचा प्रॉडक्शन मॅनेजर होता, तो मराठी चित्रपट शुक्रवारी लागला होता. सकाळी अकराचा एक खेळ आणि दुपारी साडेतीनचा एक. शनिवारी, रविवारी बरी गर्दी झाली, सोमवारी माणसं कमी आली आणि मंगळवारी दोन्ही खेळांवर एक मोठा हिंदी चित्रपट बसला. मग घरच्या ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं होतं. मराठीला प्राइम टाइम मिळालाच पाहिजे, थिएटरवाल्यांना वठणीवर आणलं पाहिजे, मराठी माणूसच मराठी चित्रपट बघत नाही.

हा वाद मी 2015 पासून ऐकते आहे. त्या एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला लावणं सक्तीचं करण्याची घोषणा राज्य सरकारने केली, त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी 12 ते रात्री 9 असा तोडगा निघाला. दरवर्षी मराठीचे किती खेळ लावायचे याचाही आकडा ठरलेला आहे. तरी दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा चित्रपट मंगळवारी उतरतो, आणि आपण पुन्हा पडद्यासाठी भांडतो.

पडद्यासाठी भांडू नये असं मी म्हणत नाही. पण स्लोव्हेनियात नऊ वर्षं राहिल्यावर मला वाटायला लागलं आहे की आपल्या भांडणात एक माणूस कायम गैरहजर असतो: निर्माता. एकाच चित्रपटाला पैसे लावून गायब होणारा नव्हे, वीस-पंचवीस वर्षं टिकणारा.

स्लोव्हेनियाची लोकसंख्या सुमारे 21 लाख. नागपूर शहराहूनही कमी. इथे गाजलेल्या चित्रपटाची तिकिटं दोन लाखांच्या आसपास खपली की ती मोठी बातमी होते. एवढ्या तिकिटांत चित्रपटाचा खर्च निघत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तरीही या देशात असा निर्माता आहे, ज्याच्या कंपन्यांचं नाव गेल्या पाव शतकातल्या निम्म्याअधिक महत्त्वाच्या चित्रपटांच्या नामावलीत मला दिसत आलं आहे: डानिएल होचेवार. आधी इमोशनफिल्म आणि मग व्हर्टिगो.

थोडं मागे जाते. युगोस्लाव्हियाच्या काळात चित्रपट मोठ्या सामाजिक मालकीच्या कंपन्या काढत. त्यांतली मुख्य होती राजधानी ल्युब्लियानाची विबा फिल्म, 1956 साली सुरू झालेली. 1991 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि ही जुनी घडी मोडली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सरकारने चित्रपट निधी उभा केला, ज्याची जागा 2011 मध्ये स्लोव्हेन फिल्म सेंटरने घेतली. आणि विबाचं काय केलं? ती विकली नाही, बंदही केली नाही. तिला सार्वजनिक तांत्रिक स्टुडिओ केलं. ज्या चित्रपटाला सरकारी मदत मंजूर होते, त्याला कॅमेरे, दिवे, स्टुडिओ, ध्वनीचं काम यांतला वाटा विबाकडून सेवेच्या रूपात मिळतो. लहान कंपनीला कॅमेऱ्याच्या भाड्यासाठी कर्ज काढावं लागत नाही. चार खोल्यांचं ऑफिस आणि पाच माणसं असलेली स्वतंत्र कंपनी इथे उभी राहू शकली, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

होचेवार यांची कंपनी नव्वदच्याच दशकात पुढे आली. त्यांनी काढलेला यानेझ बुर्गर यांचा ‘व लेरू’ 1999 चा: वसतिगृहाच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या एका विद्यार्थ्याची काळ्या-पांढऱ्या चित्रांतली गोष्ट. त्यात मुख्य भूमिका करणारे आणि लेखनातही सहभागी असलेले यान त्स्वित्कोविच दोन वर्षांनी स्वतः दिग्दर्शक झाले. सोचा नदीकाठच्या तोलमिन या त्यांच्या गावात ‘क्रुह इन म्लेको’, म्हणजे ‘पाव आणि दूध’, चित्रित झाला. जेमतेम 68 मिनिटांचा. दारू सोडवायला दवाखान्यात ठेवलेला एक बाप सुटीवर घरी येतो, बायको त्याला पाव आणि दूध आणायला पाठवते, आणि वाटेत त्याला जुना मित्र भेटतो. पुढचं आपल्याकडच्या कुठल्याही गल्लीतल्या माणसाला सांगायला नको. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा स्लोव्हेन भाषा मला अर्धीच कळत होती, पण त्या स्वयंपाकघरातली शांतता पूर्ण कळली. माझ्या एका काकूंच्या घरात मी तीच शांतता लहानपणी ऐकली आहे.

या चित्रपटाला 2001 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा ‘भविष्याचा सिंह’ मिळाला. तेरा वर्षांनी, 2014 मध्ये, तोच सिंह चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला मिळाला. एका टोकाला 21 लाखांची भाषा आणि दुसऱ्या टोकाला, 2011 च्या जनगणनेप्रमाणे, 8 कोटी 30 लाखांची. बक्षीस एकच. फरक पुढच्या वाटेत आहे.

इथे कंपनी पहिल्या चित्रपटानंतर थांबली नाही. दामियान कोझोले यांचा ‘रेझेर्व्नी देली’, म्हणजे ‘सुटे भाग’, फेब्रुवारी 2003 मध्ये बर्लिनच्या मुख्य स्पर्धेत होता. देशातला एकमेव अणुवीजप्रकल्प असलेलं क्रश्को गाव, आणि तिथला एक माजी मोटारसायकल शर्यतपटू, जो रात्री व्हॅनमध्ये माणसं भरून त्यांना चोरून इटलीच्या सीमेपलीकडे नेतो. पुढच्याच महिन्यात, 23 मार्चला, युरोपीय संघात जायचं की नाही यावर देशात सार्वमत होतं. म्हणजे युरोपच्या दारात उभं असताना या देशाने सार्वजनिक पैशातून आपल्याच सीमेवरचं पाप जगाला दाखवलं. राहण्याच्या परवान्यासाठी मी इथे ज्या रांगांत उभी राहिले, त्या रांगांत मला ती व्हॅन आठवत असे. मी विमानाने आले, कागदपत्रं घेऊन आले, हा केवढा फरक आहे हे त्या चित्रपटाने मला सांगितलं.

कोझोले आणि होचेवार ही जोडी त्यानंतरही टिकली. 2005 आणि 2009 मध्ये एकेक चित्रपट, मग 2016 चा ‘नोच्नो झिवल्येन्ये’, म्हणजे ‘रात्रीचं जीवन’, ज्यासाठी कोझोले यांना झेक प्रजासत्ताकातल्या कार्लोवी वारी महोत्सवात सर्वोत्तम दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळालं, मग 2019 मध्ये आणखी एक. यातला प्रत्येक चित्रपट उत्तम आहे असं मला वाटत नाही. एक-दोन मला कंटाळवाणे वाटले. पण कमी जमलेल्या चित्रपटानंतर दिग्दर्शकाला पुन्हा पहिल्यापासून दारोदार फिरावं लागलं नाही. स्लोव्हेन भाषेत द्विवचन अजून रोजच्या बोलण्यात आहे, मराठीने ते केव्हाच टाकलं. दिग्दर्शक आणि निर्माता यांच्याबद्दल इथली माणसं द्विवचनात बोलतात तेव्हा मला ते फार योग्य वाटतं.

शिवाय अशी टिकलेली कंपनी शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडते. उत्तर मॅसिडोनियाच्या दिग्दर्शिका तेओना मितेव्स्का यांचा ‘देव आहे, तिचं नाव पेत्रुनिया’ 2019 मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत गेला आणि त्याच वर्षी त्याला युरोपीय संसदेचं लक्स पारितोषिक मिळालं. व्हर्टिगो त्यात सहनिर्माती होती. पाच लहान-मोठ्या देशांनी थोडे थोडे पैसे घातले आणि ज्याने त्याने आपल्या वाट्याचं काम केलं. या पद्धतीला पाया लागतो तो विश्वासू कंपनीचा. कालच निघालेल्या कंपनीशी कुणी असा करार करत नाही.

आता आपल्याकडचं बघा. आपल्या अनुदान योजनेत चित्रपट आधी पूर्ण करायचा, मग परीक्षण समिती तो बघून गुण देणार, ‘अ’ दर्जा मिळाला तर 40 लाख, ‘ब’ मिळाला तर 30. पैसे शेवटी येतात. म्हणजे ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत, तोच सुरुवात करू शकतो. म्हणून कुणी बांधकामातला, कुणी साखरेतला, कुणी नुसताच हौशी माणूस निर्माता होतो, एकदा हात पोळला की परत फिरकत नाही. मामेभावाच्या चित्रपटाचा निर्माता मंगळवारपासून फोनच उचलत नाहीये.

इथल्यासारखे पैसे आधी, संहिता बघून द्यावेत, असं मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा भाऊ चिडला. “ताई, संहितेवर पैसे द्यायला लागले तर ओळखीपाळखीच्यांनाच मिळतील.” त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ल्युब्लियानातही समितीच्या निकालांवर भांडणं होतात, एवढ्याशा गावात सगळे एकमेकांना ओळखतात. त्याहून मोठा धोका मी डोळ्यांनी पाहिला आहे. 2020 मध्ये इथल्या सरकारने फिल्म सेंटरचे पैसे महिनोन्महिने अडवून ठेवले. झालेल्या कामाचेही पैसे मिळेनात. नळ एकच असला की तो बंद करणंही सोपं असतं. युरोपभरच्या चित्रपटवाल्यांनी निषेध केला, इथल्यांनी आवाज उठवला. त्या दिवसांत मला पहिल्यांदा मराठीच्या प्रेक्षकाचं मोल कळलं. आपल्याकडे तिकीटबारी आहे. स्लोव्हेनियाला ती कधीच मिळणार नाही.

पण आपल्याकडे चित्रनगरी पण आहे. गोरेगावला आहे, कोल्हापूरला आहे. अनुदानाचा एक हिस्सा संहिता मंजूर झाल्यावर, आणि तोही कॅमेरे, दिवे, सेट, संकलनाची खोली अशा रूपात द्यायला काय हरकत आहे? रोख पैसा हातात न आल्याने ओळखीपाळखीचा लोभही थोडा कमी होईल. आणि ज्या कंपनीने आधीचा चित्रपट वेळेत पूर्ण केला, माणसांचे पैसे चुकते केले, तिला पुढच्या वेळी प्राधान्य द्यावं, मग आधीचा चित्रपट मंगळवारी उतरला असला तरी. ‘कोर्ट’चे निर्माते विवेक गोम्बर ताम्हाणे यांच्या पाठीशी राहिले आणि 2020 मध्ये ‘द डिसायपल’ व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला, पटकथेचं पारितोषिक घेऊन आला. एका माणसाच्या निष्ठेवर हे घडलं. बाकीच्या पहिल्या चित्रपटांच्या दिग्दर्शकांना असा माणूस भेटेलच असं नाही.

काल भावाचा पुन्हा फोन आला. राग ओसरला होता. त्यांच्या दिग्दर्शकाने दुसरी संहिता लिहून ठेवली आहे म्हणाला, गडहिंग्लजच्या एका एसटी कंडक्टरची गोष्ट. त्याने मला पाठवलीसुद्धा. रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले, फार चांगली आहे. सकाळी त्याला विचारलं, “अरे, निर्माता कोण?”

“शोधतोय,” तो म्हणाला.